एका ‘नाइस’वर घासून पाहिलेले शब्दकोश

व्युत्पत्ती सांगणारा कोश पारखायचा तर त्याच्यापुढे अवघड शब्द टाकू नये. अवघड शब्दाचा इतिहास बहुधा सरळ असतो. ग्रीक किंवा लॅटिनमधून उचलला, एखाद्या शास्त्रात रुजला, अर्थ जवळपास तोच राहिला. कोशाचा कस लागतो तो रोजच्या वापराने गुळगुळीत झालेल्या शब्दावर. इंग्रजीत त्यासाठी ‘नाइस’ हे विशेषण फार उपयोगी पडते. हवा नाइस, माणूस नाइस, सदरा नाइस. मराठी बोलतानाही तो सहज तोंडात येतो. पण सातशे वर्षांपूर्वी इंग्रजीत एखाद्याला ‘नाइस’ म्हणणे म्हणजे त्याला मूर्ख म्हणणे होते. मूर्खापासून छानपर्यंतची ही वाट कोणता कोश किती प्रामाणिकपणे दाखवतो, हे या परीक्षणात पाहिले आहे.

तपासलेली साधने अशी: ईटिमऑनलाइन, ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, मिडल इंग्लिश डिक्शनरी, मेरियम-वेब्स्टर आणि विक्शनरी. प्रत्येकाला तेच प्रश्न विचारले. शब्द आला कुठून? प्रत्येक वळणाला लेखी पुरावा काय? आणि जिथे पुरावा धूसर आहे तिथे कोश तसे कबूल करतो का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण ‘नाइस’च्या इतिहासाचा मधला भाग खरोखरच धूसर आहे. तो ठळक रेषेत काढून दाखवणारा कोश वाचकाची दिशाभूल करतो.

आधी शब्दाचा सांगाडा

मूळ लॅटिन ‘नेस्कियस’, म्हणजे न जाणणारा. त्याची फोड ‘ने’ अधिक ‘स्कीरे’. ‘ने’ म्हणजे नाही. आपल्या ‘न’चा हा सख्खा भाऊ. ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे, त्यावरूनच ‘सायन्स’ आणि ‘कॉन्शन्स’ आले. लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये येईपर्यंत अर्थ भोळा, बावळट, अडाणी असा झाला होता, आणि 1300च्या आसपास तो याच अर्थाने इंग्रजीत शिरला. स्पॅनिशमध्ये याच लॅटिन शब्दापासून झालेला ‘नेसिओ’ आजही मूर्खालाच म्हणतात. एकाच आईची दोन लेकरे, एक घरीच राहिले आणि दुसरे भलतीकडे गेले.

उच्चारही बदलला. मध्ययुगीन इंग्रजीत हा स्वर दीर्घ ‘ई’ होता, शब्द ‘नीस’च्या जवळ ऐकू येई. पुढे इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांची मोठी उलथापालथ झाली, तीत या ‘ई’चा ‘आइ’ झाला. ‘टाइम’, ‘वाइफ’ हेही त्याच लाटेत बदलले. फ्रान्समधल्या नीस शहराच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग अगदी हेच असले तरी त्याचा या विशेषणाशी संबंध नाही. ते नाव ग्रीक ‘निके’वरून, म्हणजे विजयावरून आले आहे. हे शहर पुढे शोधात कसे आडवे येते ते येईलच.

ईटिमऑनलाइन: पहिली पायरी, आणि चांगली पायरी

डग्लस हार्पर यांनी उभे केलेले हे संकेतस्थळ विनामूल्य आहे आणि सुरुवातीला इथेच यावे. ‘नाइस’ची नोंद एका परिच्छेदात अख्खा प्रवास मांडते. 13व्या शतकाच्या अखेरीस मूर्ख, अडाणी. मग बुजरा, भित्रा. 14व्या शतकाच्या अखेरीस नको तितका चोखंदळ. 1400च्या सुमारास नाजूक. 16व्या शतकात काटेकोर, बारकाईचा. 1769मध्ये सुखद. 1830मध्ये प्रेमळ, दुसऱ्याचा विचार करणारा. एवढी घट्ट आणि वाचनीय मांडणी दुसरीकडे नाही.

या नोंदीची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे ती ऑक्सफर्डच्या जुन्या आवृत्तीतला एक इशारा जसाच्या तसा देते. त्याचा आशय असा: इतक्या दूरदूर पांगलेल्या अर्थांचा नेमका विकास पूर्णपणे स्पष्ट नाही, आणि 16व्या-17व्या शतकांतल्या अनेक वाक्यांत लेखकाच्या मनात कोणता अर्थ होता हे सांगणे कठीण आहे. बहुतेक वाचक तारखांची माळ उचलतात आणि हा इशारा सोडून देतात. तसे करू नका, कारण माळ बरोबर कशी वाचायची हे त्या इशाऱ्यातच आहे.

तारखांबद्दल हे संकेतस्थळ स्वतःच सांगते की दिलेले वर्ष म्हणजे उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या लेखी पुराव्याचे वर्ष, आणि 1700च्या आधीचे वर्ष तर अंदाजच समजावे. 1769 या आकड्याचा अर्थ त्या वर्षी कुणी हा अर्थ शोधून काढला असा नव्हे. त्याआधी लोक तो बोलत असणार, आणि जुनी पत्रे, वर्तमानपत्रे चाळता चाळता कुणाला आणखी जुने वाक्य मिळाले तर आकडा मागे सरकेल. हार्पर यांच्या आधारग्रंथांत ऑक्सफर्डची दुसरी छापील आवृत्ती आहे, त्यामुळे ऑक्सफर्डच्या सुधारित नोंदीशी इथले आकडे नेहमी जुळतीलच असे नाही.

मराठी वाचकाला इथे आणखी एक गोष्ट मिळते. नोंदीतल्या दुव्यावरून ‘स्की’ या मूळ धातूच्या पानावर जाता येते. ‘स्कीरे’चा आद्य अर्थ कापणे, वेगळे करणे असा मानला जातो: जाणणे म्हणजे एक वस्तू दुसरीपासून वेगळी ओळखणे. पुराव्यादाखल त्या पानावर संस्कृत ‘छिनत्ति’ दिलेले आहे. म्हणजे आपले छेद, छिन्न, विच्छेद हे ‘सायन्स’चे आणि पर्यायाने ‘नाइस’चे दूरचे नातलग ठरतात. धातूच्या आधी असलेला तारा मात्र विसरू नये. ताऱ्याचा अर्थ असा की हे रूप कुठेही लिहिलेले सापडलेले नाही, अनेक भाषांतील शब्दांची तुलना करून ते मांडलेले आहे. ‘नाइस हा शब्द छेदवरून आला’ असे म्हणणे सपशेल चूक. दोघांचे मूळ एक मानले जाते, इतकेच म्हणावे.

याच ठिकाणी आणखी एक गल्लत होते. ‘नेस्कियस’चा अर्थ अज्ञ, म्हणून त्याचे नाते आपल्या ‘ज्ञा’ धातूशी लावले जाते. ‘ज्ञा’चा इंग्रजीतला नातलग ‘इग्नोरंट’मध्ये आहे, ‘नाइस’मध्ये नाही. अर्थ एक, धातू दोन. ईटिमऑनलाइनवर दोन्ही धातूंची पाने उघडून शेजारी शेजारी ठेवली की हा घोळ दोन मिनिटांत सुटतो.

उणीव एकच, पण मोठी. इथे प्रत्यक्ष वाक्ये जवळपास नाहीत. ‘1400च्या सुमारास नाजूक’ असे लिहिलेले आहे, पण नाजूक काय? वस्त्र, शरीर, की प्रकृती? हे कळल्याशिवाय अर्थ का सरकला ते कळत नाही. म्हणून इथून पुढे जावेच लागते.

ऑक्सफर्ड: पैसे कशाचे

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची कल्पना 1857मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत मांडली गेली, जेम्स मरे 1879मध्ये संपादक झाले, पहिला भाग 1884मध्ये निघाला आणि शेवटचा 1928मध्ये. 1989ची दुसरी आवृत्ती 20 खंडांची. तिसऱ्या आवृत्तीचे काम 2000पासून थेट ऑनलाइन प्रसिद्ध होत आले आहे. ‘नाइस’ शोधणाऱ्याला या इतिहासातला एक तपशील फार उपयोगाचा आहे. तिसऱ्या आवृत्तीची सुरुवात ‘ए’ अक्षरापासून झाली नाही, ‘एम’पासून झाली. पहिल्या आवृत्तीची आरंभीची अक्षरे संपादनाची पद्धत पूर्ण बसण्याआधीची होती. मधल्या अक्षरांवर काम पक्के झालेले होते, म्हणून तिथून हात घालणे सोयीचे. त्यामुळे ‘एन’ लवकर आला आणि ‘नाइस’ची नोंद सुधारून झालेली आहे. प्रत्येक शब्दाचे असे नाही. या कोशात कुठलीही नोंद उघडली की आधी तिचा प्रकाशन-इतिहास पाहावा. नोंद पूर्णपणे सुधारलेली नाही असा शेरा असेल तर समोरचा मजकूर शंभर वर्षे जुना असू शकतो, आणि त्यातल्या ‘सर्वांत जुन्या’ वाक्याच्या मागे आणखी जुने वाक्य सापडण्याची शक्यता मोठी असते.

वर्गणी न भरता नोंदीचा थोडा भाग, म्हणजे शब्दाची ओळख आणि सर्वांत जुन्या वापराचा काळ, पाहता येतो. वर्गणी आहे ती अवतरणांसाठी. प्रत्येक अर्थाखाली जुन्यापासून नव्यापर्यंत वाक्ये लावलेली असतात, आणि ती वाक्ये हाच खरा कोश. व्याख्या म्हणजे संपादकाने त्या वाक्यांतून काढलेला निष्कर्ष. तो पटत नसेल तर वाचकाला वाक्ये स्वतः वाचून तपासता येतो. दुसऱ्या कुठल्याही इंग्रजी कोशात ही सोय या प्रमाणावर नाही.

नोंद वाचण्याची रीत अशी. शोधपेटीत शब्द टाकला की एकाच स्पेलिंगच्या अनेक नोंदी समोर येतात: विशेषण, नाम, क्रियापद. विशेषणाचीच उघडावी. मग व्युत्पत्तीचा भाग वाचावा, त्यात फ्रेंच रूपे आणि इतर भाषांतील नातलग असतात. मग लेखनभेदांचा भाग, कारण जुन्या मजकुरात हा शब्द आजच्या स्पेलिंगने मिळेलच असे नाही. आजच्या ‘आय’च्या जागी ‘वाय’ आणि ‘सी’च्या जागी ‘एस’ अशी रूपे सर्रास आढळतात. त्यानंतर अर्थांकडे वळावे आणि सगळी अवतरणे उलगडावीत. अर्थापुढे खंजिराची खूण असेल तर तो अर्थ आज मृत आहे. ‘नाइस’च्या नोंदीत खंजीर पुष्कळ दिसतात, आणि एका साध्या शब्दाने इतके अर्थ टाकून दिलेले पाहणे हाच मोठा धडा आहे.

वर्षाच्या आधी ‘सी’ हे अक्षर असेल तर ‘सुमारे’, ‘ए’ असेल तर ‘त्यापूर्वी’. मध्ययुगीन मजकुराला दोन तारखा असू शकतात: उपलब्ध हस्तलिखिताची एक, आणि मूळ रचनेची दुसरी. रचना 1350ची आणि हस्तलिखित 1390चे असेल तर मधल्या लेखनिकाने शब्द बदललेला असण्याची शक्यता उरते. ‘नाइस’ 1300च्या थोडा आधीचा की नंतरचा, यावर दोन कोशांत फरक दिसला तर बहुतेक वेळा एकाने हस्तलिखिताची आणि दुसऱ्याने रचनेची तारीख धरलेली असते. दोघांपैकी कुणीही चुकलेले नसते.

अर्थांचा क्रम ऐतिहासिक आहे. पहिला अर्थ म्हणजे सर्वांत जुना, सर्वांत प्रचलित नव्हे. हे लक्षात न घेता पहिलीच ओळ उचलून ‘नाइसचा खरा अर्थ मूर्ख’ असे सांगत सुटणारे पुष्कळ भेटतात. शब्दाचा सर्वांत जुना अर्थ हाच खरा अर्थ ही समजूतच चुकीची आहे. मराठीत ‘राग’ म्हणजे संताप. संस्कृतात त्याचा अर्थ रंग, आसक्ती, प्रेम होता म्हणून मराठी माणूस चुकीचे बोलतो असे कुणी म्हणत नाही. ‘शिक्षा’ संस्कृतात शिकवण, मराठीत दंड. ‘नाइस’चेही तसेच. आज त्याचा अर्थ छान, आणि तोच खरा.

ऑक्सफर्डशी जोडलेला हिस्टॉरिकल थिसॉरस वेगळा नावाजण्याजोगा आहे. ग्लासगो विद्यापीठात 1965पासून चाललेले हे काम 2009मध्ये छापून आले, आणि त्याची विद्यापीठाने चालवलेली आवृत्ती विनामूल्य पाहता येते. त्यात शब्द वर्णक्रमाने लावलेले नाहीत, अर्थाप्रमाणे आणि काळाप्रमाणे लावलेले आहेत. ‘मूर्ख’ या अर्थाचे घर उघडले की कोणत्या काळात त्या घरात कोणते शब्द राहत होते ते एका खाली एक दिसते. ‘नाइस’ येतो, काही शतके राहतो, निघून जातो. ‘सिली’ येतो आणि ठाण मांडतो. एका शब्दाचे चरित्र वाचून हे दिसत नाही, अख्खी वस्ती एकदम पाहावी लागते.

मिडल इंग्लिश डिक्शनरी: मधला पूल इथे सापडतो

मिशिगन विद्यापीठाचा हा कोश 1952 ते 2001 या काळात छापला गेला. 1100 ते 1500 एवढ्याच इंग्रजीचा तो विचार करतो, आणि तो पूर्णपणे विनामूल्य आहे. ‘नाइस’साठी हा काळ सर्वांत कळीचा, कारण मूर्खाचा चोखंदळ झाला तो याच काळात. ऑक्सफर्डची वर्गणी परवडत नसेल तर 1500पर्यंतचे काम या कोशावर उत्तम भागते. त्या चार शतकांपुरती त्याची अवतरणे अनेकदा ऑक्सफर्डहून भरघोस असतात.

अवतरणे नुसती मोजायची नसतात. विशेषण कुणाला लावले आहे ते पाहायचे असते. माणसाला, वागण्याला, कपड्याला, की मताला? ‘नाइस’ आधी माणसांना आणि त्यांच्या वागण्याला लागतो: बावळट माणूस, मूर्खपणाची करणी. मग छानछोकीच्या, नको तितक्या सजलेल्या वेशाला. मग अंगचोर, लाजऱ्या, सहज दुखावणाऱ्या स्वभावाला. इथून चोखंदळपणाकडे यायला फार वेळ लागत नाही: छानछोकी करणाऱ्याला साधे काही चालत नाही, लाजऱ्याला जरा काही लागले की खुपते. दोन वाटा असाव्यात आणि दोन्ही एकाच ठिकाणी पोचल्या असाव्यात, असा निष्कर्ष या वाक्यांवरून काढता येतो.

पुलावरचे वाक्य कसे ओळखायचे याचा उत्तम नमुना चॉसरकडे आहे. ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रास्ताविकात एका खलाशाचे वर्णन येते, आणि तिथे कवी म्हणतो की ‘नाइस’ विवेकबुद्धीची तो पर्वा करत नसे. हे 14व्या शतकाच्या शेवटच्या काळातले लेखन. इथे ‘नाइस’ म्हणजे काय? फार सोवळी, बारीकसारीक गोष्टींत अडकणारी विवेकबुद्धी? टीपाकार बहुधा हाच अर्थ देतात. पण ‘भोळसट विवेकबुद्धी’ असा जुना अर्थ घेतला तरी वाक्य तुटत नाही. लुटालूट करणाऱ्या खलाशाच्या नजरेतून पाहिले तर सोवळेपणा आणि भोळसटपणा यांत अंतर उरतच नाही. अर्थ बदलतो तो अशाच वाक्यांतून, जिथे बोलणाऱ्याचा एक आणि ऐकणाऱ्याचा दुसरा अर्थ असूनही कुणाचे अडत नाही. आणि त्या ओळीतले ‘नाइस’ आणि ‘कॉन्शन्स’ हे दोन्ही शब्द एकाच ‘स्कीरे’पासून निघालेले आहेत.

या कोशाच्या अडचणी सांगायलाच हव्यात. अवतरणांचे आधुनिक इंग्रजी रूपांतर दिलेले नसते. ‘थ’साठी आणि घशातल्या ‘घ’सारख्या ध्वनीसाठी जुनी अक्षरे येतात, ‘यू’ आणि ‘व्ही’ एकमेकांच्या जागी येतात. पहिल्यांदा वाचताना वाक्य मोठ्याने वाचावे, अर्धी ओळख कानाने पटते. शोधताना आजचे स्पेलिंग टाकून हवी ती नोंद आली नाही तर पर्यायी रूपे टाकावीत. ग्रंथांची नावे संक्षेपात असतात, त्यांचा खुलासा त्याच संकेतस्थळावरच्या ग्रंथसूचीत आहे. ती एका वेगळ्या खिडकीत उघडी ठेवावी, म्हणजे वारंवार मागे जावे लागत नाही. फ्रेंच बाजू पाहायची असेल तर अँग्लो-नॉर्मन डिक्शनरीही विनामूल्य आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा जी फ्रेंच बोलली-लिहिली जात होती तिचा तो कोश, आणि या शब्दासाठी पॅरिसच्या फ्रेंचपेक्षा तीच जास्त जवळची.

उरलेले दोन

मेरियम-वेब्स्टर व्युत्पत्ती थोडक्यात आणि नेमकी देतो, पण वळणे दाखवत नाही. त्याची ‘पहिला ज्ञात वापर’ ही ओळ फसवी ठरू शकते, कारण ती तारीख शब्दाच्या सर्वांत जुन्या अर्थाची असते. ‘नाइस’ समोर मध्ययुगातली तारीख पाहून त्या काळी लोक एकमेकांना ‘छान’ म्हणत होते असे समजू नये. आजचा वापर, उच्चार आणि समानार्थी शब्दांतले फरक यांसाठी मात्र हा कोश भरवशाचा.

2002मध्ये सुरू झालेल्या विक्शनरीचे बळ विस्तारात आहे. इतर भाषांतील नातलग, जुनी रूपे, अगदी अलीकडचे तांत्रिक वापर तिथे असतात. युनिक्स संगणकप्रणालीत ‘नाइस’ नावाची आज्ञा आहे. ती दिल्यावर एखादे काम आपली पाळी मागे घेऊन इतरांना पुढे जाऊ देते. लिनक्सवर त्याचे मूल्य उणे 20 ते 19 असते, आणि आकडा जितका मोठा तितके ते काम जास्त नम्र. ‘दुसऱ्याचा विचार करणारा’ या सर्वांत तरुण अर्थावरून यंत्राच्या आज्ञेचे नाव पडावे, हे या शब्दाच्या चरित्रात आवर्जून नोंदवण्याजोगे आहे. पण विक्शनरी कुणीही संपादित करू शकतो. व्युत्पत्तीच्या ओळीखाली आधार दिला आहे का ते पाहावे, आणि पानाचा इतिहास उघडून अलीकडे काही उलटेपालटे झाले आहे का तेही.

अर्धा तास असेल तर

आधी ईटिमऑनलाइनवरून तारखांची माळ कागदावर उतरवा. प्रत्येक तारखेसमोर रिकामी जागा सोडा. मग मिडल इंग्लिश डिक्शनरीत आणि वर्गणी असल्यास ऑक्सफर्डमध्ये त्या काळाची दोन-तीन वाक्ये शोधा आणि रिकाम्या जागेत विशेषणाच्या पुढचे नाम लिहा. वाक्याचा अर्थ लिहू नका, फक्त नाम. माणूस, वेश, विवेकबुद्धी, फरक, मोजमाप, हवा. नामांची ही यादी वरून खाली वाचली की अर्थ कसा सरकला ते कोशाने न सांगताही दिसू लागते. माणसाला लागणारा शब्द त्याच्या आवडीनिवडीला लागतो, तिथून बारकाईच्या भेदाला, तिथून चोखंदळ माणसाला पसंत पडेल अशा कोणत्याही वस्तूला. ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे बारीक भेद हा वाक्प्रचार त्या मधल्या टप्प्याचा जिवंत अवशेष आहे. आजच्या कायद्याच्या आणि तत्त्वज्ञानाच्या लेखनात तो भेटला तर ‘छान फरक’ असे भाषांतर करू नये.

1500 ते 1800 या काळात सर्वाधिक चुका होतात, कारण तेव्हा चार-पाच अर्थ एकाच वेळी नांदत होते. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या पाचव्या अंकात धर्मगुरू म्हणतो की ते पत्र ‘नाइस’ नव्हते, महत्त्वाचे होते. आजच्या कानाने हे ‘पत्र छान नव्हते’ असे ऐकू येते आणि वाक्याचा अर्थच हरवतो. तिथे ‘नाइस’ म्हणजे क्षुल्लक. अशा ठिकाणी वाक्याचा दुसरा भाग कशाच्या विरोधात उभा आहे ते आधी पाहावे आणि मगच कोश उघडावा.

या काळासाठी सॅम्युअल जॉन्सन यांचा 1755चा कोश जरूर पाहावा, तो ऑनलाइन विनामूल्य आहे. ‘नाइस’चा त्यातला पहिलाच अर्थ बारीकसारीक गोष्टीतही अचूक पारख करणारा, नको तितका काटेकोर असा आहे. ‘सुखद’ हा अर्थ तिथे नाही. यावरून तो अर्थ 1755मध्ये अस्तित्वात नव्हता असे म्हणता येत नाही. जॉन्सन मान्यवर लेखकांच्या पुस्तकांतून शब्द वेचत, आणि बोलीतला नवा अर्थ तिथे पोचायला वेळ लागतो. पण तो अर्थ तोवर प्रतिष्ठित लेखनात स्थिरावला नव्हता, असे म्हणायला या नोंदीचा आधार मिळतो. 1817च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिन यांच्या ‘नॉर्थँगर ॲबी’त हेन्री टिल्नी हे पात्र तक्रार करते की हा शब्द आता सगळ्यालाच लावला जातो, मुळात तो नीटनेटकेपणाला आणि सुसंस्कृतपणाला लावत असावेत. म्हणजे साठ-बासष्ट वर्षांत नवा अर्थ चिडण्याइतका पसरला होता. आणि टिल्नी ज्याला मूळ अर्थ समजतो तो मूळ नाही, मधला टप्पा आहे. सर्वांत जुना ‘मूर्ख’ तोवर सुशिक्षितांच्याही आठवणीतून पुसला गेला होता.

गुगल बुक्सचा एनग्राम आलेख, म्हणजे छापील पुस्तकांत एखादा शब्द कोणत्या वर्षी किती वेळा येतो ते दाखवणारा आलेख, या कामात वापरायचा तर दोन सावधगिऱ्या घ्या. पहिली नीस शहराची: लहान-मोठी अक्षरे एकत्र मोजण्याचा पर्याय चालू असेल तर शहराचा उल्लेखही विशेषणात मिसळतो. तो पर्याय बंद ठेवा किंवा शब्दापुढे विशेषणाची खूण जोडून शोधा. दुसरी ‘सिली’सारख्या शब्दासाठी. 1800पूर्वीच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ लांब काढत, आणि यंत्र तो ‘एफ’ म्हणून वाचते. त्यामुळे जुन्या पुस्तकांतला ‘सिली’ आलेखात ‘फिली’ होऊन बसतो आणि 1800च्या आसपास ‘सिली’ अचानक वाढल्यासारखा दिसतो. ती वाढ शब्दाची नाही, खिळ्याच्या बदलाची आहे.

‘सिली’चा उल्लेख मुद्दाम केला, कारण कोश पारखायला ‘नाइस’नंतर घ्यावा असा दुसरा शब्द तोच. त्याची वाट अगदी उलट आहे: जुन्या इंग्रजीत सुखी, भाग्यवान, मग पवित्र, निष्पाप, मग दयेला पात्र, दुबळा, आणि 16व्या शतकाच्या उत्तरार्धात मूर्ख. जर्मन ‘झेलिश’ अजून ‘धन्य’ या अर्थावर टिकून आहे. संस्कृतात ‘देवानांप्रिय’ ही राजाची पदवी होती आणि पुढे व्याकरणकारांनी तिचा अर्थ मूर्ख असा नोंदवला, तीच ही उतरण. ‘नाइस’ चढला, ‘सिली’ उतरला, आणि काही काळ दोघे ‘मूर्खा’च्या पायरीच्या आसपास वावरत होते. हिस्टॉरिकल थिसॉरसमध्ये त्या घराची यादी उघडा आणि दोघांच्या तारखा शेजारी ठेवून पाहा.

ऑक्सफर्डची वर्गणी भरण्याआधी विद्यापीठाच्या किंवा सार्वजनिक ग्रंथालयाच्या सदस्यत्वात ती मिळते का ते विचारा. अनेक ठिकाणी सदस्यक्रमांकावर घरबसल्या प्रवेश मिळतो. ती सोय नसेल आणि जुन्या इंग्रजी मजकुराचे भाषांतर किंवा संपादन करायचे नसेल, तर ईटिमऑनलाइन, मिडल इंग्लिश डिक्शनरी आणि जॉन्सन एवढ्यावर काम भागते. 1500 ते 1755 या पट्ट्यात मात्र या तिघांच्या मधे मोठी पोकळी राहते, आणि ‘नाइस’चे सर्वांत गुंतागुंतीचे आयुष्य नेमके त्याच पट्ट्यात गेले आहे.